साळखात्याचा गाणेमास्तर

वीरभद्रप्पा तोळणुरे आयुष्यभर लोकांकडे पाठ करून बसला, आणि तरी सोलापुरात त्याला कुणी उद्धट म्हटलं नाही. धंदाच तसा पडला. नाटक कंपनीत पायपेटी वाजवणारा रंगमंचाच्या पुढ्यात खालच्या अंगाला बसतो. तोंड नटाकडे, पाठ प्रेक्षकांकडे. पंधरा वर्षं त्यानं गावोगाव लोकांना आपली मान तेवढी दाखवली.

पळाला तेव्हा चौदाचा होता. घर बाळीवेशीत, घरात कन्नड, दाराबाहेर मराठी, बाप गिरणीत. कंपनीचा मुक्काम हलला तसा हा पडद्यांच्या गुंडाळीत बसून गेला. पहिली तीन वर्षं पेटी पुसायची आणि पेटीवाल्याला पान लावून द्यायचं, एवढंच काम. गदगच्या मुक्कामात पेटीवाला हिवतापानं आडवा झाला, तिकिटं तर विकली गेलेली. मालक डोक्याला हात लावून बसला, तेव्हा हा म्हणाला की मी वाजवतो. मालकानं आधी एक कानाखाली दिली, मग वाजवायला बसवलं. पोरानं सगळी पदं नुसत्या पेटीवाल्याच्या बोटांकडे बघून पाठ केली होती. दुसऱ्या दिवसापासून पान लावायला मालकानं दुसरा माणूस बघितला.

लोकांना वाटतं, संगीत नाटक नट चालवतो. काय डोंबल! नटाला टाळ्या मिळाल्या की त्याला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. त्याला पदातून सुखरूप घरी आणायचं काम खाली बसलेल्याचं. नटाचा श्वास कुठे तोकडा पडणार, आवाज कुठे फाटणार, हे वीरभद्रप्पाला गळ्याकडे बघून आधी कळायचं, आणि तेवढ्या जागी तो पेटीचा सूर असा भरायचा की फाटका आवाज झाकला जायचा. प्रेक्षक म्हणायचे, वा, काय गळा आहे! आणि हा आपला खाली मान घालून.

मिरजेच्या एका मुक्कामात मात्र त्याला एक खूळ लागलं. बिऱ्हाडाजवळ चर्च होतं. आत पंचवीस-तीस माणसं एकच गाणं गात होती, पण निम्मी वरच्या सुरात आणि निम्मी खाली, वेगवेगळ्या चालीत, आणि तरी ते भांडण न होता गोड लागत होतं. पुढे एक बाई नुसते हात हलवत उभी. ती गात नव्हती, वाजवत नव्हती, आणि सगळं तिच्याच हातात होतं. वीरभद्रप्पा आठ दिवस त्या खिडकीखाली उभा राहिला. एकदा तरी असं काहीतरी आपण करायचं, असं त्यानं मनाशी धरलं. ज्याच्याकडे बदलायला दुसरं धोतर नाही त्यानं असली स्वप्नं बघू नयेत, पण बघतात माणसं.

छप्पन्न साली अकलूजच्या मुक्कामात कंपनी बसली. शेजारी सिनेमाचा तंबू होता. शेवटच्या खेळाला अकरा माणसं होती, त्यातली चार उसाच्या गाड्या हाकून दमलेली, ती झोपली. पायपेटी कुणा हौशी बागाईतदाराच्या दिवाणखान्यात गेली, आणि बत्तीस वर्षांचा वीरभद्रप्पा हात हलवत बाळीवेशीत परत आला. आईनं आधी जेवायला वाढलं. दोन महिन्यांनी तो बापाच्याच गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, साळखात्यात, आणि पुढे कायमचा झाला.

साळखातं म्हणजे कापड विणायचं खातं. चारशे साचे, म्हणजे माग, एका छपराखाली, आणि प्रत्येक साच्यात धोटा इकडून तिकडे आपटतोय. तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही, आणि ज्यानं वीस वर्षं ऐकला त्याला सांगून ऐकू यायचं नाही. तिथे तोंडानं कुणी बोलतच नाही. साळखात्यातली माणसं हातांनी बोलतात. चहाला चल, जॉबर मुकादम येतोय, माझा साचा बघ, घरी पोरगी झाली, भोंग्याला किती वेळ आहे, सगळ्याला खूण आहे. शिव्यांनाही आहेत, आणि त्या सगळ्यात आधी शिकवतात.

वीरभद्रप्पाला हे शिकवलं शेजारच्या साच्यावरच्या इमामसाबनं. शुक्रवार पेठेतला, उंच, खांद्यात जरा वाकलेला माणूस, सोळाव्या वर्षापासून तिथेच. एकदा साचे चालू असताना वीरभद्रप्पाची नजर त्याच्या गळ्यावर गेली आणि तो चपापला. शीर फुगत होती, कंठ खालीवर होत होता. हा गडी गात होता. त्या गोंगाटात, कुणाला म्हणजे कुणालाच ऐकू येत नसताना, मजेत गात होता. वीरभद्रप्पा जवळ गेला आणि त्यानं आपला कान इमामसाबच्या तोंडाला लावला. जॉबरला वाटलं, दोघांना वेड लागलं. पण कानात आला तो आवाज असा खर्जातला, असा भरलेला होता, की पंधरा वर्षं नामांकित गळे झाकून दमलेल्या वीरभद्रप्पाच्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून दोघांची दोस्ती जमली.

सत्तर साली गिरणीजवळच्या कामगार कल्याण केंद्रानं समूहगीताच्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं. केंद्राचे संचालक धारूरकर यांना कुणीतरी सांगितलं की साळखात्यात एक जुना कंपनीवाला आहे. वीरभद्रप्पानं हो म्हणायला वेळ लावला नाही. माणसं जमवायला लावला. बारा विणकर आणि सूत गुंडाळायच्या बॉबिनखात्यातल्या चार बायका, असे सोळा जमले. आणि पहिल्या तालमीत त्याला कळून चुकलं की आपण नकटीच्या लग्नाला उभे राहिलो आहोत. सोळाच्या सोळा जण ओरडत होते. पेटी कुणाला ऐकू येत नव्हती, शेजारचा ऐकू येत नव्हता. प्रत्येक जण आपापल्या वेळेला गाणं संपवून दुसऱ्यांची वाट बघत उभा राहत होता. असं पंधरा दिवस चाललं. शेवटी वैतागून त्यानं पेटी लोटली, उभा राहिला आणि साळखात्यातली साचा बंद करायची खूण केली. सोळा गळे एका क्षणात बंद झाले.

तो तसाच हात वर धरून उभा राहिला. मग त्यानं साचा सुरू करायची खूण केली, आणि सगळे एकदम, एका तोंडानं सुरू झाले. मिरजेच्या त्या बाईला हे साधायला किती वर्षं लागली असतील कोण जाणे. याला साळखात्यानं फुकटात दिलं. ज्यांचे कान गेले त्यांची नजर घारीची असते.

मग मात्र त्याच्या अंगात आलं. पेटी त्यानं केंद्रातल्या एका पोराच्या हाती दिली. त्यानं खुणा वाढवल्या. तळवा वर गेला की सूर चढवायचा, खाली आला की उतरवायचा, बोटं मिटली की आवाज बारीक. निम्म्यांना खालची चाल दिली, निम्म्यांना वरची. वर बॉबिनखात्यातली बनाबाई, खाली इमामसाब. घरी सुंदरम्मा, म्हणजे त्याची बायको, शेजारणींना सांगायची की आमचे हे जेवतानासुद्धा हात हलवतात, मला कळत नाही भाकरी हवी की आमटी. पहिल्या वर्षी जिल्ह्यात दुसरे आले, मग सलग पहिले. परीक्षक विचारायचे, ही दोन सुरांची युक्ती तुम्ही कुठल्या विद्यालयात शिकलात? वीरभद्रप्पा सांगायचा, खिडकीखाली. त्यांना तो विनोद वाटायचा.

पण साळखातं फुकट काही देत नाही. पंचाहत्तर सालापर्यंत इमामसाबचे कान पार गेले. बायको नूरबी त्याला भांडं वाजवून उठवायची, तेही खांद्याला लावून. तरी तो तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. पेटीच्या लाकडावर बोटं टेकवून तो आपला सूर घ्यायचा, आणि एकदा घेतला की मास्तरच्या तळव्यावरची नजर हलवायचा नाही. सूर खाली घसरला की तळवा केसभर वर जायचा, आणि त्याबरोबर इमामसाब. दुसऱ्यांनी चुकून इकडेतिकडे बघितलं असेल. यानं कधी नाही. वीरभद्रप्पाच्या हातांचा शब्द न शब्द जर कुणाला पाठ असेल तर तो या बहिऱ्याला.

आणि मग वीरभद्रप्पाच्याही कानात शिट्टी वाजायला लागली. आधी डाव्या, मग दोन्ही. घरी गेल्यावरही थांबेना. हे कशाचं लक्षण, ते साळखात्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. तो भ्याला. हात गेले असते तरी तो इतका भ्याला नसता. त्याला साळखात्यातून बाहेर पडायचं होतं, लवकर, कान शाबूत आहेत तोवर.

धारूरकरांना हे माहीत होतं. धारूरकर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्यांनी वर खटपट करून केंद्रात संगीतशिक्षकाची जागा काढली. पण वरच्या साहेबांचं म्हणणं असं, की चौथी शिकलेल्या साचेवाल्याला शिक्षक नेमायचं तर कारण पाहिजे. यंदा, सत्त्याहत्तर साली, राज्याची अंतिम फेरी सोलापुरातच आहे. जिंका, की सही करतो.

त्याच महिन्यात स्पर्धेची नवी नियमावली आली. मंचावर गाणारे आणि साथीदार, बाकी कुणी नाही, आणि मार्गदर्शकानं साथीलाही बसायचं नाही. मार्गदर्शकानं किंवा संघाशी संबंध असलेल्या कुणीही सभागृहातून खुणा केल्या तर संघ बाद.

धारूरकरांनी कागद पुढे ठेवला आणि सरळ सांगितलं की बाकीच्यांना थोडंफार तरी ऐकू येतं, पेटीवर निभेल. इमामसाबचं निभायचं नाही. शेवटच्या लांब सुराला तो घसरणार आणि सगळ्यांना घेऊन घसरणार. त्याच्या जागी रंगखात्यातला रफीक घ्या, आवाज बरा आहे, कान चांगले आहेत. यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. वीरभद्रप्पानं सकाळी भाकरी खाताना सुंदरम्माला विचारलं. ती म्हणाली, कान तुमचे, दोस्तही तुमचा, मला कशाला मधे घालता. पण दुसरी भाकरी काही तिनं ताटात टाकली नाही.

कडू गोष्ट माणूस हळू आवाजात सांगतो. बहिऱ्याला हळू आवाजात सांगता येत नाही. इमामसाबला सांगायचं तर कानात बोंबलायला हवं, म्हणजे त्याच्या आधी सगळ्या पेठेला कळणार. वीरभद्रप्पाची छाती झाली नाही. त्यानं ते साळखात्यात, चालू साच्यांमधून, हातानं सांगितलं. गाण्याची खूण केली, आणि पाठोपाठ तुझ्या जागी बदली आलाय ही खूण, जी आजारी माणसाच्या साच्यावर दुसरा उभा केला की करतात. इमामसाबनं ती बघितली. पुन्हा कर, असं सांगितलं. वीरभद्रप्पानं पुन्हा केली. मग इमामसाबनं मान हलवली, बरं म्हणाला, आणि साच्याकडे वळला. त्या दिवशी त्याचा गळा हलत नव्हता. वीरभद्रप्पा पाळी संपेपर्यंत पुन्हा पुन्हा बघत होता, आणि स्वतःला लाख शिव्या देत होता, पण खूण काही त्यानं परत घेतली नाही.

तालमी सुरू झाल्या. बनाबाई नेहमी हक्कानं वाद घालणारी, ती एवढंच म्हणाली, "मास्तर, तुमी म्हनाल तसं." त्यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. महिनाभर केंद्राच्या छोट्या खोलीत सोळा जण पेटीभोवती गोल करून गायले. छान जमलं. वीरभद्रप्पा हात मांडीखाली दाबून कोपऱ्यात बसायचा आणि मनाची समजूत घालायचा की झालं ते बरंच झालं.

आता याला काय म्हणावं? पंधरा वर्षं रंगमंचाच्या पुढ्यात काढलेला माणूस, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या लक्षात येऊ नये? ते सोळा जण पेटीवर गात नव्हतेच. गोलात उभं राहून ते एकमेकांची तोंडं आणि गळे बघून गात होते, साळखात्याच्या सवयीनं. आणि मंचावर कुणी गोल करून उभं राहत नाही.

सात रस्त्याजवळच्या सभागृहात दुपारी अंतिम फेरी होती. पडदा वर गेला तेव्हा सोळा जण दोन रांगांत, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे होते, आणि कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. पाचव्या रांगेत बसलेल्या वीरभद्रप्पाला ते तेव्हा दिसलं. पहिल्या रांगेच्या कडेला धुतलेला सदरा आणि काळी टोपी घालून इमामसाब बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. ऐकू तर काहीच येणार नव्हतं. तरी आला होता.

पेटी वाजली. पहिलं कडवं कसंबसं तरलं. दुसऱ्यात वरची चाल पुढे गेली, खालची मागे राहिली. रफीक बिचारा बरोबर होता, पण एकटा बरोबर असून समूहगीतात काय उपयोग. सोळा जणांचे डोळे समोरच्या अंधारात हात शोधत होते. एका कोपऱ्यात कुणीतरी हसलं. वीरभद्रप्पाचे हात मांडीखाली होते आणि त्यावर तो सगळा भार देऊन बसला होता. हात वर केला तर संघ बाद, जागा गेली, आणि परत मरेपर्यंत साळखातं.

आणि पहिल्या रांगेत इमामसाब उभा राहिला.

त्याला ऐकू आलं नव्हतं. त्याला दिसलं होतं. सोळा गळे सोळा वेळेला हलताना. त्यानं हात वर केला. साचा बंद. सोळाही थांबले. सभागृहही थांबलं. मग त्यानं तळवा छातीच्या उंचीला आणला, जिथून वीरभद्रप्पा आणायचा तिथूनच, आणि गाणं सुरू केलं. ठार बहिरा माणूस, अख्ख्या सभागृहाकडे पाठ करून, वर आणि खाली, बारीक आणि भरून, एक खूण न चुकता सोळा जणांना गाण्यातून नेत होता. बनाबाईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि सूर हलत नव्हता. वीरभद्रप्पानं आपलं गाणं सात वर्षांत समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. आता ऐकलं. कानातली शिट्टी चालूच होती, तिच्यातूनही ऐकलं.

टाळ्या थांबेनात. पण परीक्षक कागदावर वाकलेले. त्यांच्यातल्या मुख्य बाई उठल्या आणि त्यांनी संघाचे मार्गदर्शक कोण म्हणून विचारलं. वीरभद्रप्पा उभा राहिला. बाई चांगल्या होत्या, त्यांना बहुधा वाचवायचंच होतं. त्यांनी सांगितलं की नियम संघाशी संबंध असलेल्यांना लागू आहे. एखादा प्रेक्षक उठून हात हलवायला लागला तर त्याला संघाचा इलाज नाही. तर हे गृहस्थ तुमच्या संघाचे कोणी लागतात का?

धारूरकरांनी त्याचा सदरा मागून ओढला. नाही म्हण, एवढंच पुटपुटले. एक शब्द होता. यादीत इमामसाबचं नाव नव्हतं, कागदानंही साथ दिली असती. इमामसाब पाठमोरा उभा होता, आपल्याबद्दल बोलणं चाललंय याचा त्याला पत्ताही नव्हता. त्याला कधी कळलंही नसतं.

"आमचाच हाय तो," वीरभद्रप्पा म्हणाला. "सात वर्सं हाय. मीच त्याला भाईर काढला."

बाईंनी कागदावर रेघ मारली. संघ बाद झाला.

बाहेर सात रस्त्यावर उन्हं कलली होती. रिक्षा, सायकली, टांगे, सगळा कलकलाट. धारूरकर निघून गेले, त्यांचंही काही चुकलं नाही. इमामसाब पायरीवर उभा होता, आणि त्यानं वीरभद्रप्पाला बघताच हातानं विचारलं, कितवा नंबर? वीरभद्रप्पानं हात उचलला. खूण करायला सोपी होती. मग त्यानं हात खाली घेतला, इमामसाबच्या खांद्याला धरून त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि सात रस्त्यावरची माणसं वळून बघतील एवढ्या जोरानं ओरडला.

"इमाम, माझं चुकलं. लई चुकलं."

टांगेवाला थांबून बघायला लागला. इमामसाबनं टोपी नीट केली.

"वरडतुस कशाला?" तो म्हणाला. "ऐकू येतंय की मला."